घरावर झाड पडलं तर विमा काय देतो?



पाऊस तोंडावर आलाय. मधुबन धरणाच्या काठचे पाडे असोत की खानवेल, दुधनीकडची घरं, आपल्या दारात आंबा, चिंच, मोह, साग असतोच. उन्हाळ्यात सावली बरी वाटते, पण वारा सुटला की त्याच फांदीकडे बघत रात्र काढावी लागते. "बँकेने घरकर्जाबरोबर विमा काढलाय, झाड पडलं तर त्यात येतं का?" असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आज मासळीचा विषय बाजूला ठेवून हे लिहितो.

आधी सरकारी मदतीचं बघू, कारण बहुतेकांचा भरवसा तिच्यावरच असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. इशारा आपल्या दादरा नगर हवेलीलाही होता, आपण थोडक्यात वाचलो. तिकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, घरांवर झाडं पडली. पूर्ण पडलेल्या घराला तेव्हा नियमाने ९५,१०० रुपये मिळायचे, महाराष्ट्र सरकारने ते दीड लाख केले. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ दीवजवळ धडकलं. २०२२ पासूनच्या केंद्राच्या दरात अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. फांदी पडून स्वयंपाकघराचा एक कोपरा गेला तर १५ टक्के भरणार कुठून? आणि वादळ नसताना, पोखरलेलं झाड दुपारी शांतपणे पडलं तर आपत्ती म्हणून त्याची नोंद होणं आणखी कठीण.

इथे विमा कामाला येतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरासाठी एकच ठरलेली पॉलिसी आणली, नाव 'भारत गृह रक्षा'. सामान्य विमा देणाऱ्या कंपन्यांकडे ती मिळते, आणि अटी सगळीकडे सारख्या. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर हे तर आहेच, पण बाहेरची वस्तू घरावर आदळून झालेलं नुकसानही आहे, आणि त्यात पडणाऱ्या झाडाचा उल्लेख स्पष्ट आहे. हा फरक मोठा आहे. जुन्या आगीच्या पॉलिसीत आदळणं म्हणजे गाडी किंवा जनावर एवढंच होतं, झाड पडलं तर वादळामुळे पडलं हे दाखवावं लागायचं. ज्यांची पॉलिसी जुनी, लांब मुदतीची आहे त्यांनी कागद काढून हे कलम बघाच.

पैसे कसे मिळतात? घराची रक्कम बाजारभावाने धरत नाहीत, जमीन त्यात नसते. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, एवढंच. समजा ५०० चौरस फूट आणि दर १,६०० रुपये, तर ८ लाख. घरातल्या सामानाला यातल्या २० टक्क्यांइतकं, म्हणजे १ लाख ६० हजारांचं संरक्षण आपोआप मिळतं (जास्तीत जास्त १० लाख). दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या दराने धरतात. मात्र आधीच कुजलेले वासे आणि गंजलेले पत्रे झाडाच्या नावावर घालता येत नाहीत.

आता पडलेलं झाड उचलण्याचा खर्च. राडारोडा काढायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतात. दावा ६० हजारांचा असेल तर १,२००. मोठा आंबा कापून न्यायला तेवढ्यात कोणी येईल असं मला वाटत नाही, तेव्हा तो खर्च आपलाच धरून चाला. झाड नुसतं अंगणात पडलं, घराला धक्का नाही, तर काहीच मिळत नाही.

शेजाऱ्याचं झाड आपल्या घरावर पडलं तरी दावा आपल्याच पॉलिसीवर करायचा. आपलं झाड त्याच्या घरावर पडलं तर मात्र आपली साधी पॉलिसी त्याला पैसे देत नाही. झाड पोकळ झालंय हे माहीत असून सोडून दिलं, तर शेजारी आपल्याकडे भरपाई मागू शकतो. म्हणून धोक्याचं झाड असेल तर आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका.

कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर किंवा ताडपत्री असेल तर ते अर्जात तसंच लिहा. विम्यात कच्चं आणि पक्कं बांधकाम वेगळं धरतात. पक्कं सांगून हप्ता भरला तर भांडण दाव्याच्या वेळी उभं राहतं. होडी, इंजिन आणि धंद्याची जाळी घरात ठेवली म्हणून घराच्या विम्यात आली असं समजू नका, त्यांचा विमा वेगळा.

झाड पडलंच तर आधी माणसं बाहेर, वीज बंद. वीजवाहिनी झाडाखाली असेल तर हात लावू नका. मग झाड कापायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, बुंधा, छप्पर, आतलं सामान सगळं. कंपनीला त्याच दिवशी कळवा, दाव्याचा अर्ज ३० दिवसांत द्या. पाऊस आत येत असेल तर ताडपत्री टाका, त्याला मनाई नाही, उलट नुकसान वाढू न देणं आपलंच काम आहे. पण मोडलेले पत्रे, वासे सर्व्हेअर बघेपर्यंत भंगारात देऊ नका. तलाठ्याचा पंचनामा मागून घ्या, तो सरकारी मदतीलाही लागतो. गडबडीत घरातली वस्तू चोरीला गेली तर घटनेपासून ७ दिवसांतली चोरीही धरतात, पोलिसांत नोंद करा.

कर्ज असेल तर मोठी रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते. शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा, विमा फक्त कर्जदाराच्या जिवाचा आहे की घराचा, हेच अनेकांना माहीत नसतं.

दावा नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपला भाग अहमदाबादच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो, फी नाही, वकील लागत नाही. नियामकाचा तक्रारीचा फोन १५५२५५.