राइट-ऑफ झालेली मोटरसायकल: घ्यायची की सोडायची?

ब्रिटनमध्ये येऊन दोन-तीन महिने झाले, ट्रेनच्या पासाचा आकडा बोचू लागला की आपली मुलं जुन्या मोटरसायकलींच्या जाहिराती चाळू लागतात. त्यात एखादी निम्म्या किमतीची दिसते आणि कोपऱ्यात लिहिलेलं असतं ‘कॅट एन’ किंवा ‘कॅट एस’. मग इथे मुरलेल्या काका-मावशींना फोन जातात. त्या फोनांवर वारंवार दिली गेलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

भारतात दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यातल्या घोषित किमतीच्या) ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. इथे असा एकच ठरलेला टक्का नाही. दुरुस्ती परवडत नाही असं विमा कंपनीच्या हिशोबाला वाटलं की गाडी राइट-ऑफ. मोटरसायकलचं तर फारच पटकन होतं. उभी गाडी आडवी पडली तरी फेअरिंग, टाकी, सायलेन्सर, लिव्हर सगळं खरचटतं, आणि नव्या भागांच्या किमती व मजुरी मिळून जुन्या गाडीच्या किमतीला सहज गाठतात. इंजिन मात्र ठणठणीत असतं. म्हणून राइट-ऑफ शब्दाला बिचकू नका, पण अक्षर नीट वाचा.

१ ऑक्टोबर २०१७ पासून राइट-ऑफच्या श्रेणींना (कॅटेगरी, म्हणजे ‘कॅट’) ए, बी, एस, एन अशी चार अक्षरं आहेत. ए म्हणजे सगळीच भंगारात. बी म्हणजे सुटे भाग विकता येतील, गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नाही. एस म्हणजे सांगाड्याला मार लागला आहे, पण दुरुस्त करून चालवता येईल. एन म्हणजे सांगाडा शाबूत. त्याआधी राइट-ऑफ झालेल्या गाड्यांवर सी आणि डी दिसतील. एन म्हणजे ‘नुसते ओरखडे’ असं विकणारा हमखास सांगतो. त्यावर विसंबू नका. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांचं काम निघालेली गाडीही एनमध्ये असू शकते.

गाडी दिवसा, कोरड्या हवेत आणि लॉगबुकवरच्या (नोंदणीपत्रावरच्या) पत्त्यावरच बघा. फ्रेमवरचा चासी नंबर लॉगबुकशी ताडून पाहा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि ते जिथे अडतं तिथला लोखंडी ठोकळा चेपलाय का, त्याच्या आसपास ताजा रंग आहे का ते बघा. समोरून बसलेला धक्का तिथे लपत नाही. मागे उकिडवं बसून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहा. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. एमओटीचा (वार्षिक तपासणीचा) इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, पण राइट-ऑफ, चोरी आणि न फिटलेलं कर्ज कळायला खासगी तपासणीचे थोडे पाउंड मोजावेच लागतात. लॉगबुकवर श्रेणीची नोंद नाही, हा पुरावा नव्हे: एनमध्ये जुनंच लॉगबुक मालकाकडे राहू शकतं. आणि बुलेट दिसली की आपल्याला पाझर फुटतो, तेव्हा सोबत एखादा रुक्ष माणूस न्या.

घेण्याआधी विम्याचा भाव काढा. अक्षर लपवू नका. विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलंत तर पुढे दावा अडकू शकतो. गाडी विकतानाही तुम्हाला कमीच भाव येणार, हे आज घासाघीस करतानाच धरून चाला. (स्टुडंट व्हिसावर जेवण पोचवायच्या बेतात असाल तर गाडीच घेऊ नका. ते काम स्वयंरोजगारात मोडतं आणि त्या व्हिसावर त्याला परवानगी नाही.)

आता तुमचीच गाडी राइट-ऑफ झाली तर. एस किंवा एन असेल आणि ठेवायची असेल तर पैसे स्वीकारण्याआधीच कंपनीला सांगा. समजा गाडीची किंमत २,४०० पाउंड ठरली, तुमचा एक्सेस (दाव्यातला तुमचा वाटा) ३०० आणि भंगारमूल्य ४००, तर हातात १,७०० येतील. हप्त्यांवरच्या विम्याचे उरलेले हप्तेही बहुधा त्यातूनच कापले जातात, आणि गाडीवर कर्ज असेल तर आधी फायनान्स कंपनीचा हात. दुरुस्तीचा लेखी अंदाज हाती आल्याशिवाय हो म्हणू नका. किंमत कमी वाटली तर त्याच मॉडेलच्या, तेवढ्याच मैलांच्या जाहिराती जमवून कंपनीकडे पाठवा. पहिला आकडा अनेकदा हलतो. नाहीच हलला तर रीतसर तक्रार करा. अंतिम उत्तरासाठी कंपनीला आठ आठवडे असतात आणि ते उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत फायनान्शियल ओम्बड्समनकडे फुकट दाद मागता येते.

एस गाडी ठेवायची तर पूर्ण लॉगबुक कंपनीला देऊन व्ही६२ अर्जावर नवं मोफत मागवायचं. त्यावर श्रेणीची नोंद येते. एनमध्ये लॉगबुक तुमच्याकडेच राहतं. दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर ठेवायची नसेल तर सॉर्न (गाडी रस्त्यावर नसल्याची घोषणा) भरा. कंपनीला देऊन टाकणार असाल तर हौसेचा नंबर आधी काढून घ्या आणि डीव्हीएलएला (वाहन नोंदणी खात्याला) कळवा. न कळवल्यास १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कळवलंत की रस्ताकराचे उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत येतात.