अनौपचारिक तर्कदोष : ओळख आणि अभ्यास

तर्कशास्त्राच्या पहिल्या चाचणीत अनौपचारिक तर्कदोषांवर एखादा प्रश्न बहुधा असतोच. पुष्कळ विद्यार्थी दोषांची नावे पाठ करतात. परंतु समोरच्या उताऱ्यात दोष नेमका कोठे आहे, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात नावांपेक्षा दोषाच्या जागेकडे अधिक लक्ष दिले आहे.

औपचारिक दोष युक्तिवादाच्या आकारात असतो. 'पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला', येथे पाऊस आणि रस्ता यांच्या जागी 'क' आणि 'ख' घातले तरी दोष दिसतोच. अनौपचारिक दोष मात्र आशयात, शब्दार्थात किंवा प्रसंगात दडलेला असतो. ॲरिस्टॉटलने असे तेरा दोष सांगितले. त्यांपैकी सहा भाषेवर अवलंबून व सात भाषेबाहेरचे. आपल्याकडे न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास व तीन प्रकारचे छल सांगितले आहेत. हेत्वाभास म्हणजे जो हेतूसारखा भासतो, पण हेतू नसतो तो. आता काही प्रमुख दोष पाहू.

(१) व्यक्तिलक्ष्यी युक्तिवाद : १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली. 'हे पारशी, हिंदूंच्या चालीरीतींशी यांचा काय संबंध?' असा आक्षेप निघाला. मलबारी पारशी होते हे खरे. पण त्यावरून बालविवाह हितकर ठरत नाही. आगरकरांची तर ते हयात असतानाच पुण्यात प्रेतयात्रा काढण्यात आली. तो अपमान झाला, उत्तर नव्हे. याउलट, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी 'परक्या सरकारने आमच्या सामाजिक बाबतीत कायदा करू नये' हे टिळकांचे म्हणणे या दोषात मोडत नाही. ते मान्य असो वा नसो, ते अधिकाराविषयीचे विधान आहे व त्याला उत्तरही त्याच पातळीवर द्यावे लागते. हा भेद परीक्षक नेमका विचारतात.

(२) अज्ञानमूलक युक्तिवाद : बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर महादेवाचे मंदिर आहे. तेथे अश्वत्थामा पहाटे पूजेस येतो, अशी लोकश्रद्धा आहे. 'तो येत नाही हे कोणी सिद्ध केले आहे काय?' असे कोणी विचारले, तर तो पुराव्याचा भार उलट दुसऱ्यावर टाकतो. पुराव्याचा अभाव हा विधानाचा पुरावा होऊ शकत नाही. पिंडीवर ताजे फूल दिसले, तर त्यावरून फूल कोणीतरी वाहिले एवढेच निष्पन्न होते.

(३) काकतालीय न्याय : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे होत नाही. धूलकोटसारख्या शेतीच्या गावी हा दोष जिवावर बेततो. साप चावला, मांत्रिकाने मंत्र घातला, माणूस बरा झाला. म्हणून मंत्राने विष उतरले, असे म्हटले जाते. परंतु बहुतेक जातींचे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असा रोगी मंत्रावाचूनही बरा झाला असता. जे दगावले, त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. प्रतिविष वेळेवर मिळणे हाच येथे खरा प्रश्न; आणि तो वेळ या एका तर्कदोषापायी वाया जातो.

(४) घाईचे सामान्यीकरण : 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण चुकीची नाही. एका भांड्यातील तांदूळ एकाच आचेवर शिजतो, म्हणून एक शीत पुरते. माणसे तशी एका आचेवर शिजलेली नसतात. दोन लबाड व्यापारी भेटले म्हणून सारी बाजारपेठ लबाड ठरत नाही. नमुना समूहाचे प्रतिनिधित्व करतो काय, हे आधी पाहावे.

(५) अनेकार्थदोष : नैयायिकांचे 'नवकंबल' हे प्रसिद्ध उदाहरण घ्या. 'याच्याकडे नव कांबळे आहे' म्हणजे नवे, असे बोलणाऱ्याला म्हणायचे आहे. प्रतिवादी 'नव म्हणजे नऊ' असा अर्थ घेऊन म्हणतो, 'नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते!' यास वाक्छल म्हणतात.

उत्तर लिहिताना पुढील क्रम ठेवावा. प्रथम निष्कर्ष शोधावा. मग त्याला दिलेला आधार वेगळा लिहावा. आधार खरा मानूनही निष्कर्ष का निघत नाही, हे एका वाक्यात सांगावे. दोषाचे नाव सर्वांत शेवटी द्यावे. नुसते नाव लिहिणे म्हणजे रोगाचे नाव सांगून नाडी न पाहण्यासारखे आहे.

शिवाय एक सावधगिरी बाळगावी. युक्तिवाद सदोष ठरला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो केवळ असिद्ध राहतो. हे विसरणे हाही एक दोषच होय.

स्वाध्याय : पुढील विधानांतील दोष कारणासह सांगा.
(अ) 'तुम्ही स्वतः विडी ओढता. मग विडी वाईट हे आम्हांला का सांगता?'
(आ) 'हा मांत्रिक खरा आहे, कारण देवी तसे सांगते. आणि देवी तसे सांगते, हे खुद्द मांत्रिकानेच सांगितले आहे.'
(इ) 'संघातील प्रत्येक खेळाडू उत्तम आहे, तेव्हा संघ उत्तम असणारच.'