पाण्याची वाट पाहून शेताची आंखणी

पावसाच्या मानावर भिस्त ठेवून शेती करणाऱ्या आपल्या प्रांतांत यंदां पाऊस किती पडला हा प्रश्न जो तो विचारतो; परंतु तो किती वेळांत पडला व पडल्यावर कोणत्या वाटेनें निघून गेला, हे दोन प्रश्न फारसे कोणी विचारीत नाहींत. प्रस्तुत लेखांत याच दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली. सर्व्हे नंबर, पोटखराब व बांधांचे तंटे यांच्या कागदांतच आयुष्याचा मोठा भाग गेला. शास्त्राचें शिक्षण बेताचेंच. तथापि स्वतःच्या शेतांत जें चुकलें आणि पुढें जें साधलें, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवण्यास हरकत नसावी.

पाऊस पडण्याची रीत बदलली आहे, ही केवळ वृद्ध माणसांची तक्रार नव्हे. इ. स. १९५० पासून २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या मुदतींत सुमारें तिप्पट झाल्या. त्याच पट्ट्यांत मोसमी पावसाचें एकंदर मान मात्र उतरलें. हवा एक अंश सेल्सिअसनें तापली म्हणजे ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवूं शकते, आणि तें सोडते तेव्हां एकदम सोडते. सरींमध्यें उघडीप लांबते व सर आली म्हणजे ओतते, असा अनुभव आतां बहुतेक गांवीं येतो. सन २०२५ च्या सप्टेंबरांत सीना नदीच्या पुरानें सोलापूर जिल्ह्यांत व मराठवाड्यांत उभीं पिकें कशीं बुडालीं, हें वाचकांस स्मरत असेलच. आणि तो मुलूख अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध!

येथें थोडा हिशेब करूं. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें एक लक्ष लिटर पाणी पडलें. तें दिवसभरांत रिमझिम आलें तर जमीन बहुतेक पिऊन टाकील. अर्ध्या तासांत आलें तर तिच्या तोंडांत मावणार नाहीं. उरलेलें पाणी उताराला लागेल व जातांना माती घेऊन जाईल. एकरावरची एक सेंटिमीटर जाडीची माती म्हणजे सुमारें चाळीस घनमीटर; वजनानें पन्नास टनांच्या घरांत. इतकें शेणखत घालावयाचें म्हटलें तर आपल्यापैकीं किती जणांची ऐपत आहे?

आतां स्वतःची गोष्ट. आमची तीन एकर बरड जमीन एका टेकाडाच्या पोटाशीं आहे. मीं तिला बांध घातला तो नकाशा हातांत घेऊन, हद्दीच्या रेषेवर, दोरी लावून अगदीं सरळ. हद्द उताराला तिरपी उतरत होती. त्यामुळें बांधाचें एक टोंक वर व दुसरें खालीं आलें. सांडवा ठेवला नाहीं, कारण आपलें पाणी आपल्याच शेतांत राहावें अशी बुद्धि. दुसऱ्याच वर्षीं एका रात्रीं मोठी सर आली. सगळें पाणी बांधाच्या कडेकडेनें खालच्या कोपऱ्यांत जमलें, तेथें बांध फुटला, आणि खालच्या शेजाऱ्याची नुकतीच उगवलेली बाजरी गाळाखालीं गेली. सकाळीं मी भीत भीतच त्यांच्याकडे गेलों. ते वयानें वडील. आम्ही त्यांस आबा म्हणतों. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “भाऊसाहेब, बांध तुमच्या नकाशाबरहुकूम आहे खरा, पण पाण्यानें कोठें नकाशा पाहिला होता?” मी त्यांस बियाण्याचे पैसे देऊं केले, ते त्यांनीं घेतले नाहींत. तो वर्षभराचा ओशाळेपणा अजून जात नाहीं.

सर्व्हे नंबर हा सरकारनें सारा आकारण्यासाठीं पाडला. पाणी अडविण्यासाठीं नव्हे. ही साधी गोष्ट तीस वर्षें नकाशे हाताळूनहि माझ्या ध्यानीं आली नव्हती. वस्तुतः शेतांत पाणी जिरवावें म्हणून ताली बांधाव्या, हें महात्मा जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकांत १८८३ च्या सुमारासच लिहून ठेवलें आहे. अडविण्याची अक्कल नवी नाहीं. कोठें अडवावें हें पाहण्याचा कंटाळा मात्र जुना आहे.

पुढील वर्षीं मीं कांहींच बांधलें नाहीं, फक्त पाहिलें. पाऊस चालू असतां डोक्यावर इरलें घेऊन शेत फिरलों. पाणी शेतांत जेथून शिरतें तेथें एक खुंटी, जेथें तुंबतें तेथें दुसरी, जेथून बाहेर पडतें तेथें तिसरी ठोकली. चार सरींनंतर खुंट्यांची जी माळ दिसली ती हद्दीशीं कोठेंच जुळेना. हें पाहण्याचें एक वर्ष फुकट जातें असें पुष्कळांस वाटेल; मला तरी त्या वर्षाइतकें लाभाचें वर्ष दुसरें आठवत नाहीं.

समपातळी रेषा काढण्यास भारी यंत्र लागत नाहीं. सात फूट लांबीच्या दोन सारख्या काठ्या माथ्यावर एकत्र बांधाव्या, पाय दोन मीटर फांकवावे व मध्यावर तिसरी आडवी काठी घट्ट बांधावी. माथ्यापासून दोरीनें एक दगड लोंबता सोडावा. हा घोडा दोन खुंट्यांवर उभा करून दोरी आडव्या काठीला जेथें लागते तेथें खूण करावी; मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर पुन्हां उभा करावा व दुसरी खूण करावी. दोन खुणांचा बरोबर मध्य ही समपातळीची खूण. आतां शेतांत एक पाय रोवून दुसरा पाय वरखालीं सरकवीत जावें. दोरी मध्यखुणेवर आली कीं तेथें खुंटी ठोकावी आणि त्या खुंटीवरून पुढें जावें. वारा असेल त्या दिवशीं हें काम करूं नये. दोरी हलते व मनुष्य आपल्याला हवें तें पाहतो. खुंट्यांची रेषा वांकडीतिकडी दिसेल. लहान वांकणें नजरेनें मोडावीं, मोठीं जशींच्या तशीं ठेवावीं.

ही रीत हलक्या व मध्यम जमिनीची. खोल काळ्या जमिनीस ती जशीच्या तशी लावूं नये. तेथें बांधामागें पाणी साचून पीक पिवळें पडतें, आणि उन्हाळ्यांत भेगा पडून बांध आंतून पोकळ होतो. तशा जमिनींत पाण्याला अगदीं मंद उतार देऊन बाहेर काढावें लागतें, शंभर मीटरांस सुमारें तीस सेंटिमीटर. त्यासाठीं घोड्याच्या उताराकडील पायाखालीं सहा मिलिमीटर जाडीची चकती ठोकावी व तोच पाय नेहमीं पुढें ठेवून चालावें. घोडा उलटा फिरविला कीं हिशेब चुकला. रेषा लांब असेल तर मात्र लेव्हल यंत्रानें एकदां पडताळून घ्यावी. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें इक्रिसॅट या संस्थेनें काळ्या जमिनीसाठीं रुंद वरंबा व सरीची जी पद्धत बसविली, तिचेंहि तत्त्व हेंच: थोडें मुरावें, जादा हळू निघून जावें, आणि तें गवताच्या ओघळांतून जावें.

तिसऱ्या वर्षीं मीं वरच्या अर्ध्या एकरांतच दोन ताली घातल्या व दोहोंस दगडी सांडवे ठेवले. एकाची रुंदी कमी पडली. सर येऊन गेल्यावर कडेची माती खचलेली दिसली, म्हणून तो दीडपट केला. चूक अर्ध्या एकरांत झाली म्हणून निभावली. त्यानंतरच खालीं उतरलों.

एकट्याच्या शेताला मात्र मर्यादा आहे. डोंगर उघडा असेल तर खालच्यानें किती सांडवे बांधावे? पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें कै. विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची सुमारें चाळीस एकर पडीक जमीन खंडानें घेतली. माथ्यावर गवत व झाडें, मधल्या उतारावर ताली, पायथ्याशीं पाझर तलाव व त्याच्या खालीं विहीर, असा क्रम त्यांनीं लावला. पुढें त्यांच्या पाणी पंचायतींत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरतां घरांतील माणसांवर ठरे, भूमिहीनासहि तो मिळे, आणि ऊंस वर्ज्य असे. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें दरवर्षीं पावसाळा संपतांना पाण्याचा ताळेबंद मांडून पिकें ठरविण्याचा पायंडा पाडला. ज्या शिवारांत वरचा अडवितो व खालचा सगळें उपसतो, तेथें कितीहि ताली घातल्या तरी विहिरीचा तळ दिसणारच, असें माझें मत आहे. तें कित्येकांस रुचणार नाहीं.

एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतों, कारण कचेरींत अशा अर्जांची चळत पाहिली आहे. लगतच्या शेतावरून स्वाभाविकपणें वाहणाऱ्या पाण्यास कोणी गैर अडथळा केला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ अन्वयें तहसीलदारांकडे दाद मागतां येते. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. बहुतेक अर्जदार सहा महिने भांडण्यांत घालवितात व सातव्या महिन्यांत येतात. त्यापेक्षां खुंट्या ठोकतांनाच शेजाऱ्यास बरोबर न्यावें. आमचा नवा सांडवा कोठें सोडावयाचा, ती जागा आबांनीं स्वतः दाखविली. त्यांच्या शेतांतून तें पाणी आतां गवताच्या पट्ट्यांतून नाल्यास मिळतें.

आंखणी चैत्र-वैशाखांत, जमीन उघडी असतां करावी. बांधाचें काम मृगापूर्वीं संपवावें, म्हणजे माती दबण्यास अवकाश मिळतो. पहिला चांगला पाऊस होऊन ओल धरली कीं बांधाच्या पाठीवर मारवेलचीं ठोंबें वीतभर अंतरानें लावावीं, सांडव्याच्या दोन्ही बाजूंस वाळा लावावा, आणि त्या वर्षीं तरी तेथें गुरें सोडूं नयेत.