घट उठले, उपवास सुटला नाही

१. लेकीच्या उपवासाचं कौतुक करताना आधी तिच्या ताटाकडे बघा. माझ्या लेकीनं नववीत नवरात्र धरलं. दसऱ्याला घट उठले, तिचा उपवास मात्र सुटला नाही. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. डिसेंबरात ती दोन-दोन स्वेटर घालून बसायची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली जातो, त्या निफाडात कुडकुडणाऱ्या पोरीकडे कोण लक्ष देतं? मार्चमध्ये ऊन तापलं तरी स्वेटर उतरेना, तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं. चार महिने पाळी आली नव्हती, तेही तिनं लपवलं होतं.

२. मनाच्या आधी शरीर. एका दवाखान्यानं टॉनिक देऊन परत पाठवलं होतं. नाशिकच्या डॉक्टरांनी नाडी मोजली, मिनिटाला ४६. त्यांनी लगेच दाखल करून घेतलं. आम्ही साजूक तुपातला शिरा घेऊन गेलो होतो. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं, जिवावर बेतू शकतं, हे तिथं कळलं. डबा तसाच परत आणला.

३. या आजाराचं नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. समुपदेशन म्हणजे सगळं एकच, असं मला वाटायचं. तसं नाही. एका पद्धतीत आई-वडीलच मुलीच्या जेवणाचा ताबा घेतात. वजन सावरलं की तो हळूहळू तिच्याकडे परत देतात. दुसरीत समुपदेशक मुलीशी एकटीशी बोलतो. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला: आजार वयाच्या एकोणीस वर्षांच्या आत सुरू झालेला आणि तीन वर्षांहून कमी जुना असेल, तर कुटुंबाला घेऊन केलेला उपचार सरस ठरला. अमेरिकेत २०१० मध्ये १२१ मुलामुलींवर तुलना झाली. उपचार संपल्यावर वर्षभरानं कुटुंबाच्या गटातली ४९ टक्के पूर्ण बरी होती, एकट्यानं बोलणाऱ्या गटातली २३ टक्के. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या उपचारानंही निम्मी मुलं पूर्ण बरी व्हायची राहतातच. हा आकडा ऐकून मी रात्रभर जागी होते, पण डॉक्टरांनी तो आधीच सांगितला हे बरं झालं.

४. ताटासमोर वाद घालायचा नाही. आमच्याकडे बागेत द्राक्षांची काढणी सुरू, व्यापारी दारात, आणि मी तिच्या शेजारी पाटावर. ती भाजीवरचं तेल वहीच्या कागदानं टिपायची, भाकरीचे मोहरीएवढे तुकडे करायची. सुरुवातीला मी रडले, ओरडले, देवाची शपथ घातली. मग समुपदेशक ताईंनी शिकवलेलं एकच वाक्य धरलं: "बाळा, हे तुझं औषध आहे, मी इथंच बसलेय." एकदा एका भाकरीला पावणेदोन तास लागले. तिनं ताट भिंतीवर फेकलं. मी दुसरं वाढलं. त्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी व्यापाऱ्याला उद्या या म्हणून सांगितलं आणि ते येऊन तिच्या दुसऱ्या बाजूला बसले. काही न बोलता.

५. दोष कुणाचाच नाही. सासूबाई म्हणायच्या, मीच तिला उपवास शिकवला. मावशी म्हणाली, आईचं लक्ष नव्हतं. उपवासानं आजार झाकला गेला, उपवासानं तो झाला असं नव्हे. हे घरातल्या प्रत्येकाला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं.

६. सगळं घर समुपदेशकासमोर बसलंच पाहिजे असं नाही. आमच्या घरात आठ माणसं, त्यांच्यासमोर लेक तोंड उघडेना. मग मी आणि हे दोघंच जाऊ लागलो. तिचं वजन तेवढं वेगळ्या खोलीत घ्यायचे. मेलबर्नमध्ये २०१६ साली अशा, फक्त पालकांना घेऊन केलेल्या पद्धतीची तुलना झाली. उपचार संपताना ४३ टक्के मुलं सावरली, सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवलेल्या गटात २२. वर्षभरात हा फरक कमी झाला, तरी आम्हाला ती वाट मानवली.

७. एकटीशी बोलणं वाया जात नाही. वजन सावरल्यावर आरसा, दहावी, वर्गातल्या पोरींचे टोमणे याबद्दल ती ताईंशी स्वतःहून बोलू लागली. उपाशी मेंदूशी बोलून फार काही हाती लागत नाही, असं माझं ठाम मत झालंय. मध्येच रात्री घाबरायला झालं तर मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन करायची.

८. पुढच्या नवरात्रात शेजारणी घट बघायला आल्या. एकीनं लेकीला विचारलं, यंदा धरलेस ना? ती माझ्याकडे बघायला लागली. सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्याकडे उपवास मी एकटी धरते. ती जेवते."