नटाचे काम आणि पाचरेचे काम



परवा शेजारचा आठवीतला मुलगा सायकल हाताने ढकलत आमच्या अंगणात आला. चेहरा पडलेला. दोन दिवस पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला 'कट्' असा आवाज येत होता आणि डावी क्रँक हलत होती. त्याने घरच्या घरी कॉटर पिनचा नट आवळला. आवाज थांबेना, म्हणून पान्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवून जोर लावला. नट एकदम मोकळा फिरू लागला. पिनचे आटे गेले होते!

"काका, नट तर मी होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला. मग क्रँक हलतेच कशी?"

प्रश्न मोठा चांगला आहे. त्याचे उत्तर थोडे चमत्कारिक वाटेल. या सायकलीची क्रँक नटाने घट्ट बसतच नाही!

साध्या, काळ्या, दणकट सायकलीची क्रँक जवळून पाहा. पायडल जिला जोडलेले असते ती लोखंडी दांडी म्हणजे क्रँक. तिच्या दुसऱ्या टोकाच्या भोकात मधला ॲक्सल शिरतो. ॲक्सलवर एक सपाट खाच असते. या खाचेला चाटून, क्रँकमधून आडवी, पेन्सिलीहून थोडी जाड अशी एक पिन जाते. हीच कॉटर पिन. तिची एक बाजू घासून सपाट आणि किंचित उतरती केलेली असते. एका टोकाला ती बारीक होते, तेथे आटे पाडून नट बसवलेला असतो.

आता एक ढोबळ हिशेब करू. तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे आणि चढावर तुम्ही एका पायडलवर उभे राहिलात. क्रँकची लांबी १७ सेंमी, तर ॲक्सलची त्रिज्या सुमारे ८ मिमी. म्हणजे पायडलपाशी भुजा २१ पट लांब आहे. तरफेच्या नियमाप्रमाणे ॲक्सलच्या कडेशी ५० × २१, म्हणजे हजार किलोग्रॅमहून अधिक भार येतो. एका टनाचा हा भार ती चिमुकली पिन सोसते. पिन आणि खाच यांत केसाएवढी फट राहिली, तर प्रत्येक फेऱ्याला पिनवर ठोका बसतो. तोच तो 'कट्' आवाज. काही दिवसांत पिनच्या सपाट बाजूवर पायरी पडते. मग एखाद्या दिवशी रहदारीत क्रँक एकदम सरकते आणि पाय पायडलवरून निसटतो. म्हणून हा आवाज ऐकू येताच सायकल थांबवावी.

ही फट बुजवते ती पाचर. कॉटर पिन ही एक पाचरच आहे. समजा, एखादी पाचर १० मिमी आत जाताना १ मिमी जाड होते. घर्षण सोडून दिले, तर तिला आत ढकलणाऱ्या बलाच्या दहापट बलाने ती बाजूला दाब देते. उतार सौम्य असला, की घर्षणामुळे ती आपण होऊन मागे सरकत नाही. दाराखाली सरकवलेली लाकडी पाचर अशीच रुतून बसते.

मग पाचर आत ओढायला नट का चालत नाही? कारण सारी ओढ पिनच्या सर्वांत बारीक भागावर, त्या नाजूक आट्यांवर येते. हातोडी मात्र पिनच्या जाड डोक्यावर घाव घालते. अर्ध्या किलोग्रॅमची हातोडी सेकंदाला ४ मीटर वेगाने आली, तर तिची गतिज ऊर्जा ४ ज्यूल होते. ती १ मिमीत थांबली, तर सरासरी बल ४,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलोग्रॅमच्या वजनाइतके भरते. हे काम घावाने करायचे. नटाने फक्त बसलेल्या पिनची राखण करायची.

कृती (मोठे माणूस जवळ असू द्या)

१. जुन्या पिनवर पायरी पडली असेल किंवा आटे गेले असतील, तर त्याच मापाची नवी पिन आणा. भोक आणि खाच स्वच्छ पुसा.

२. पिनची सपाट बाजू खाचेकडे करून पिन अंगठ्याने आत सारा.

३. क्रँकखाली जमिनीपर्यंत पोचणारा जाड लाकडी ठोकळा किंवा लोखंडी नळी उभी करा. आधार नसेल, तर घावाचा धक्का आतल्या छर्‍यांना बसून त्यांच्या कपात खड्डे पडतात.

४. पिनच्या डोक्यावर तीन-चार दमदार घाव घाला. मग वॉशर घालून आखूड पान्याने नट बेताने आवळा. पुन्हा एक-दोन घाव घाला आणि नट किंचित आवळा.

५. दहा-वीस किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर पुन्हा तपासा. पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे दबल्यामुळे नवी पिन थोडी सैल होते.

बऱ्याच गिअरच्या सायकलींना कॉटर पिन नसते. तेथे ॲक्सलचे टोक चौकोनी आणि निमुळते असते. त्यावर ॲल्युमिनियमची क्रँक चढवून मधल्या बोल्टने दाबतात. येथेही भार पेलतो तो उतारच, पण क्रँक उतारावर चढवण्याचे काम बोल्ट करतो. म्हणून तो मोजून आवळावा लागतो. साधारणपणे ३५ ते ४० न्यूटन-मीटर पुरे होतात. सायकलच्या पत्रकात आकडा दिला असेल, तर तोच घ्या. बोल्टच्या मध्यापासून २० सेंमीवर पान्याला रद्दीवाल्याकडे असतो तसा ताणकाटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काटा १८ ते २० किलोग्रॅम दाखवील तेव्हा थांबा. अशी क्रँक सैल असताना सायकल दामटली, तर मऊ ॲल्युमिनियमचे भोक वेडेवाकडे होते. मग कितीही आवळले तरी उपयोग होत नाही. क्रँकच बदलावी लागते.

करून पाहा : फूटपट्टीवर नाणे ठेवून तिचे एक टोक हळूहळू उचला. नाणे घसरेल त्या क्षणी टोकाची उंची मोजा, आणि त्या टोकाच्या बरोबर खालून पट्टीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे टेबलावरचे अंतर मोजा. उंचीला त्या अंतराने भागा. घर्षण किती उतारापर्यंत नाण्याला धरून ठेवते, ते कळेल. पट्टीला तेलाचा हात लावून पुन्हा मोजा.

विचार करा : सायकलीच्या दोन क्रँक एका रेषेत, पण विरुद्ध दिशांना असतात. एका बाजूच्या पिनचा नट वर असतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचा खाली असतो. दोन्ही पिना एकाच दिशेने बसवल्या, तर काय होईल?

शेजारच्या मुलाने त्याच संध्याकाळी नवी पिन बसवली. पाइपचा तुकडा मात्र त्याने अडगळीत टाकून दिला.