संगणक ३२ बिटचा की ६४ बिटचा? आधी खातेवही पाहा

दुकानातला संगणक मंद झाला की दुरुस्तीवाला एकच उपाय सांगतो, "विंडोज नव्याने टाकू." त्यात बहुधा हरकत नसते. परंतु कोणती टाकणार, ३२ बिटची की ६४ बिटची, हे आम्ही व्यापारी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. ज्यांची उधारी अजून जुन्या डॉसच्या प्रोग्राममध्ये आहे, त्यांची सारी खातेवही या एका प्रश्नावर अवलंबून असते.

गोदामात कप्प्यांना क्रमांक असतात. क्रमांक जेवढे, तेवढेच कप्पे वापरात येतात. संगणकाच्या रॅमचेही तसेच आहे. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी क्रमांक बसतात, म्हणजे ४ जीबी. नेहमीच्या ३२ बिट विंडोजवर ८ जीबी रॅम बसवली तर निम्मी पडून राहते, पैसे मात्र आठाचे मोजलेले असतात.

नावे तर अगदी फसवी आहेत. आमच्या बाजारात आकडा मोठा तो माल भारी, म्हणून कोणी 'एक्स ६४' सोडून 'एक्स ८६' उचलेल. प्रत्यक्षात विंडोजवर ८६ लिहिलेले असेल तर ती ३२ बिटची. ते ८६ म्हणजे इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ प्रोसेसरच्या नावाची शेपटी आहे. 'एएमडी ६४' लिहिलेले इंटेलवरही चालते, कारण ही पद्धत २००३ साली एएमडीने बाजारात आणली आणि पुढे इंटेलने तीच घेतली. 'एआरएम ६४' ही मात्र निराळी जात. ती या दोघांच्या प्रोसेसरवर चालत नाही.

आपल्या संगणकात काय आहे हे सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट येथे 'सिस्टम टाइप' या ओळीत दिसते. तेथे ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टम आणि एक्स ६४ प्रोसेसर असे दिसले, तर प्रोसेसर समर्थ आहे, पण वर लहान विंडोज टाकलेली आहे.

आता मुख्य मुद्दा. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्राम बहुतेक चालतात, पण १६ बिटचे, म्हणजे डॉसच्या काळातले, चालत नाहीत. डॉसवरील फॉक्सप्रोमध्ये कोणाकडून बनवून घेतलेला उधारीचा प्रोग्राम तेथे उघडतच नाही. जुन्या प्रिंटरचा ३२ बिटचा ड्रायव्हरही चालत नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आम्ही लिहिले, पण लिहिलेले उघडत नसेल तर रमजानात जकातीचा हिशेब करताना येणे किती आणि देणे किती, हे कशावरून काढणार?

शिवाय ३२ वरून ६४ वर जाताना जुन्यावर नवे चढवता येत नाही. सर्व नव्याने टाकावे लागते. म्हणून दुरुस्तीवाल्याने हात लावण्यापूर्वी प्रोग्रामचे पूर्ण फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. त्यातील डीबीएफ फायली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, आणि ते मोफत मिळते. मराठी-उर्दू नावे जुन्या फॉन्टमुळे विचित्र दिसतील, पण रकमा वाचता येतील. डॉसबॉक्स नावाच्या मोफत प्रोग्रामात जुना प्रोग्राम कदाचित चालेलही. मात्र बिल छापले जाते का, ते आधी पाहून घ्यावे.

नवा संगणक घेणाऱ्यापुढे हा प्रश्न फारसा उरलेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ ही ३२ बिटमध्ये निघालीच नाही. विंडोज १० दोन्ही प्रकारांत होती, पण तिची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आमचे रत्नागिरीचे बंधू मालासाठी मुंबईला गेले की लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला संगणक घेऊन येतात. त्यांनी पैसे देण्यापूर्वी तो चालू करायला लावून ती 'सिस्टम टाइप'ची ओळ स्वतः वाचावी. आणि घरचा जुना ३२ बिटचा संगणक भंगारात घालू नये. त्याची इंटरनेटची तार काढून, जीएसटीचे काम नव्यावर नेऊन, तो केवळ जुन्या उधारीसाठी ठेवावा, निदान शेवटचे येणे वसूल होईपर्यंत.