हिशेबाची वही पोरांच्या हाती देऊ नका

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे १५ हजार डॉलरची स्पर्धा. ही रक्कम अख्ख्या स्पर्धेची. एकेरी जिंकणाऱ्याच्या हाती त्यातले दोन हजारांच्या आसपास डॉलर पडतात, पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशेच्या आसपास. त्यातच प्रवास, हॉटेल, जेवण आणि रॅकेटचं गटिंग भागवायचं. प्रशिक्षक सोबत असेल तर त्याचाही तेवढाच खर्च. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ साली अहवाल दिला. त्यानुसार जगात नावाला व्यावसायिक असलेले खेळाडू पंधरा हजारांच्या घरात आहेत, पण क्रमवारीतल्या पहिल्या अडीचशे ते साडेतीनशे जणांचाच खर्च कमाईतून भागतो. अमरावती-अकोल्यात ज्या घरी पोरगं किंवा पोरगी टेनिसमध्ये चमकू लागली आहे, त्या घराने हा आकडा आधी नीट वाचावा. मी टेनिसच्या विरोधात नाही, उलट या खेळावर माझा जीव आहे. पण या खेळात पोरांच्या शरीराची आणि मनाची जी नासाडी होते, तिचं मूळ बहुतेक वेळा कोर्टवर सापडत नाही. घरातल्या पैशाचा हिशेब पोराच्या डोक्यात शिरतो, तिथे ती सुरू होते.

ही गोष्ट टेनिसलाच एवढी का लागू पडते, ते शेजारच्या खेळांकडे पाहिलं की कळतं. अमरावतीचा जितेश शर्मा २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांत मुंबई इंडियन्सच्या ताफ्यात होता. त्याला एकही सामना मिळाला नाही, आणि आयपीएलमध्ये तो प्रत्यक्ष खेळला २०२२ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढे २०२५ मध्ये बंगळुरूकडून खेळताना लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि त्याच वर्षी बंगळुरूने करंडक उचलला. मधल्या वर्षांत त्याने मनाने काय सोसलं असेल ते त्यालाच ठाऊक, पण त्या काळात विदर्भाचा संघ होता, सामन्याचं मानधन होतं, सरावाची सोय होती. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकणाऱ्या पोराची राहण्या-खाण्याची आणि प्रशिक्षणाची सोय सरकार करतं, पुढे पोलीस, रेल्वे, सैन्यदल या वाटाही खुल्या असतात. टेनिसच्या पोराला संघ नाही आणि राखीव खेळाडूचा पगारही नाही. मनगट दुखलं आणि महिनाभर खेळता आलं नाही, तर त्या महिन्याची कमाई शून्य. त्यात क्रमवारीचे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. कोरडवाहू वावरासारखंच आहे हे: मागच्या वर्षी किती पिकलं ते यंदा कोणी विचारत नाही, पेरणी नव्याने करावी लागते आणि बियाण्याचा खर्चही नव्याने.

शिवाय हा खेळ जवळपास दर आठवड्याला हरवतो. ३२ जणांच्या स्पर्धेत ३१ जण हरून घरी जातात, म्हणजे चांगला खेळाडूसुद्धा वर्षातले बहुतेक आठवडे पराभवानेच संपवतो. ही हार खेळाचाच भाग असेपर्यंत पोरं ती पचवतात, लवकर विसरतात. पण बाबांनी वावर गहाण टाकलं, आईचं सोनं मोडलं, हे ज्याला माहीत आहे त्याची प्रत्येक हार कर्जाचा हप्ता चुकल्यासारखी होते. मग तो खांदा दुखत असताना खेळतो, कारण विश्रांती घेणं म्हणजे घरच्यांना फसवणं असं त्याला वाटू लागतं. तेव्हाचा भारताचा अव्वल एकेरी खेळाडू सुमित नागल याने २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या खात्यात ९०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या आसपास, उरले होते. मिळालेली कमाई दौऱ्यांतच जात होती आणि फिजिओ सोबत नेणं परवडत नव्हतं. देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्याची ही स्थिती. हे सांगितल्यावर चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने मानांकित बुब्लिकला हरवलं आणि त्या एका स्पर्धेतून जवळपास एक कोटी रुपये मिळाले. वर्तमानपत्रांत मथळा झाला तो या विजयाचा. पालकांनी मात्र त्याआधीचे महिने डोळ्यांपुढे ठेवावेत, कारण बहुसंख्य खेळाडूंचं अख्खं आयुष्य तसल्याच महिन्यांत जातं. कर्ज आणि त्याबद्दल कोणाशी न बोलणं, या दोन गोष्टी एका घरात एकत्र आल्या की काय होतं, हे वऱ्हाडाला वेगळं सांगायला नको.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: आपली पोरं काटक आहेत, उन्हातान्हात वाढलेली आहेत, त्यांना काय होतंय. काटकपणा खरा आहे, पण हाडाची वाढ काटकपणा पाहून होत नाही. सर्व्हिस करतानाचं शरीर जवळून पाहा. चेंडू वर जातो, गुडघे वाकतात, कंबर मागे कमानीसारखी ताणली जाते, आणि त्याच क्षणी धड वळून पुढे झेपावतं. ताण आणि पीळ एकाच वेळी कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतात. दिवसाला दीडशे सर्व्हिस मारणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराच्या मणक्यांवर हे दीडशे वेळा होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात कुठलीही तक्रार नसलेल्या ३३ अव्वल किशोर टेनिसपटूंच्या कमरेचा एमआरआय काढला, तर २८ जणांच्या मणक्यांत काही ना काही दोष सापडला. दुखत नव्हतं, तरीही. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा कुमार विजेता आणि जगातला अव्वल कुमार खेळाडू होता. पुढे गुडघ्याने त्याची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली आणि शेवटी त्याने दुहेरीची वाट धरली. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी कोर्टवर उतरवून पोराला 'घडवणारे' पालक आणि प्रशिक्षक माझ्या लेखी चूक करतात. सकाळी नऊच्या आत सराव आटोपायला हवा, यात तडजोड नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळं पणाला लावल्याशिवाय कोणी मोठं होत नाही, शाळा आणि टेनिस दोन्ही सांभाळणारा कुठेच पोचत नाही, असं लोक म्हणतात. मी याकडे पुराव्याने पाहतो. जेनिफर कॅप्रियाती १९९० साली, चौदा पूर्ण होण्याआधीच, व्यावसायिक झाली. चारच वर्षांत ती खेळापासून दूर गेली होती आणि तिच्या अटकेची बातमी जगभर छापली गेली. त्यानंतर महिला टेनिसने १९९५ पासून वयानुसार स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा घातली. पुढच्या काळात खेळाडूंची कारकीर्द लांबली आणि एकविशीच्या आत खेळ सोडणाऱ्या मुली कमी झाल्या. म्हणजे लगाम लावल्याने खेळ बुडाला नाही. आपल्याकडची उदाहरणं पाहा. सोमदेव देववर्मन अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात शिकत असताना २००७ आणि २००८ असा दोनदा तिथला राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता झाला आणि त्यानंतर व्यावसायिक दौऱ्यावर गेला. ऋतुजा भोसले टेक्सासमधल्या विद्यापीठाकडून खेळली आणि २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तिने बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. अॅश बार्टी २०१४ मध्ये टेनिस सोडून निघून गेली, काही काळ ब्रिस्बेनकडून चक्क क्रिकेट खेळली, आणि परत येऊन २०२१ चं विम्बल्डन जिंकली. एकाहून अधिक खेळ खेळणं आपल्यालाही नवं नाही: अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून मल्लखांब, कुस्ती, पोहणं अशा अनेक अंगांनी शरीर घडवलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. पंधराव्या वर्षापर्यंत पोराने निरनिराळे खेळ खेळावेत हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आज सांगतात. आपल्या शहराने ते शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, याचा मला अभिमान वाटतो.

मन खचणं हे कमकुवत पोरांचं लक्षण, हा समज तर लगेच टाकून द्यावा. चार ग्रँड स्लॅम जिंकलेली नाओमी ओसाका २०२१ मध्ये फ्रेंच ओपनमधून बाहेर पडली, तेव्हा २०१८ पासून आपल्याला नैराश्याने घेरलं होतं हे तिने स्वतःहून सांगितलं. २०१८ हे तिच्या पहिल्या ग्रँड स्लॅम विजयाचं वर्ष. जिंकूनही ज्यातून सुटका झाली नाही, ते दुखणं हरणाऱ्या पोराला 'मन घट्ट कर' म्हटल्याने कसं बरं होईल? झोप उडाली, जेवण तुटलं, सरावाला जाताना पोटात दुखू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे तसंच जावं जसं घोटा सुजल्यावर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो. ही सोय अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही.

आता प्रत्यक्ष करायचं काय? टेनिससाठी किती पैसा लावायचा ते आई-बाबांनी आधी आपसात ठरवावं, आणि गेला तरी संसार चालेल एवढाच लावावा. वावर, घर आणि बहिणीच्या शिक्षणाचा पैसा त्यात धरू नये. रक्कम ठरली की ती खर्च झाली असं समजून मोकळं व्हावं, पोरासमोर पुन्हा तिचा आकडा काढू नये. सोळाव्या आणि अठराव्या वर्षी थांबून विचार करायचा, हे पोराला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे थांबणं त्याला शिक्षा वाटणार नाही. दहावी-बारावी नियमित द्यावी. तिसरी रॅकेट घेण्याआधी फिजिओकडून मणके आणि खांदे तपासून घ्यावेत. आठवड्यातून एक दिवस रॅकेटला हात लावू नये. प्रशिक्षक पोराला वजनावरून किंवा घरच्या खर्चावरून बोलत असेल तर तो कितीही नामवंत असो, बदलावा. आणि पुण्याची स्पर्धा हरून रात्रीच्या गाडीने परतत असाल, तर निकालाचा विषय पोराने काढला तरच बोला. बडनेरा यायला अख्खी रात्र आहे. डबा उघडा, त्याला पोटभर जेवू द्या, आणि मनमाड येईपर्यंत तरी झोपू द्या.